कमरेपर्यंत भट्टीत

गोल झाला तेव्हा
मी कमरेपर्यंत भट्टीत होतो.

आमची भट्टी उभी, विहिरीसारखी.
डोकं खाली घालायचं, पाय अधांतरी,
कणकेची लांबोडी आतल्या भिंतीला थापायची
आणि स्वतः भाजायच्या आत बाहेर यायचं.
बावीस वर्षं हेच. भुवया माझ्या कधी धड उगवल्याच नाहीत.

रेडिओ होता. त्यानं मध्यंतरालाच मान टाकलेली.
तर आत, मातीतून, एक घुमारा आला.
वाटलं, भूकंप.
दोन पाव भिंतीवरून सुटले, निखाऱ्यात पडले.
आकडीनं ते काढून वर आलो तर गल्ली रिकामी
आणि पलीकडे चौकात, सोनेरी घोडेस्वाराच्या खांबाखाली,
अख्खं त्बिलिसी एकमेकांच्या खांद्यावर.

मग भुका लागल्या सगळ्यांना.
नुगझारकाका, पाव!
दंतवैद्य मालखाझ, एरवी सुट्टे मोजून घेणारा,
म्हणाला, डाव्या पायानं, तीस पावलांवरून.
टोपी हरवलेला हवालदार म्हणाला, छे, डोक्यानं. आईशप्पथ.
नानूलीची मुलगी,
गालांवरचे लाल क्रूस घामानं हनुवटीपर्यंत ओघळलेले,
म्हणाली, मी डोळे गच्च मिटले होते,
पण उजव्याच पायानं.
एक अनोळखी माणूस नुसताच रडला.
त्यानं पैसे दिले की नाही, आठवत नाही.
डावा पाय, उजवा पाय, डोकं:
रात्रभर मी त्या बिचाऱ्या खेळाडूला
गोळा करत होतो.

या चौकात एवढी माणसं मी आधीही पाहिलीत.
तेव्हा वीज नव्हती. मी अकरा वर्षांचा.
आईनं रात्री दोनला उठवून रांगेत उभं केलेलं,
तळहातावर निळ्या शाईत आकडा: चारशे बारा.
कुणी बोलत नव्हतं.
बोललं की वाफ जाते, वाफेबरोबर ऊब.
चारशे नऊपाशी पाव संपला.
मी हात धुतला नाही दोन दिवस.
वाटलं, आकडा उद्याही चालेल.

आज पोरांच्या पाठीवर आकडे.
एकानं पाव दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, चषकासारखा.
अरे गरम आहे, मी ओरडलो.
कोण ऐकतंय.

पहाटे झाडूवाली त्सियाला आली.
हॉर्न तेव्हा नदीपलीकडे गेले होते,
चौकभर कागदाचे कपटे, एक चप्पल, फुटका ढोल.
तिनंही पाहिला नव्हता; पुलाखाली कामावर होती.
काय झालं रे? नीट सांग.

मी एप्रनला हात पुसले.
म्हणालो, त्यानं चेंडू असा थापला,
असा, मनगटापासून,
की जाळीला चिकटलाच.
क्षणभर वाटलं, सुटतोय, पडतोय.
नाही पडला.

ती झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होती.
कुठल्या पायानं?

ते दोन करपलेले पाव मी खरवडले,
एक तिला दिला.
दोन्ही, म्हणालो.