वाढवलेली काच

बुधवारी साडेसहाला झरवलीची गाडी
गुदैबियाच्या आमच्या गल्लीत मागे मागे शिरते.
ऑगस्टच्या उकाड्यात आतल्या बाटल्या
दात वाजवत असतात.

रात्रपाळीचे बूट न काढताच मी क्रेट घेऊन उतरते:
रमजानपासून पडून असलेल्या सरबताच्या तीन बाटल्या,
खोकल्याची एक,
आणि सांगलीहून आलेली लोणच्याची बरणी.
चार पाण्यांनी धुतली, तरी गळ्याशी हळदीचं कडं
आहे ते आहेच.

तो एकेक काच उजेडाकडे धरतो,
आमच्याकडचे जुने डॉक्टर एक्स-रे धरायचे तशी.
बल्ब नाही. आरसा नाही.
भट्टीतून आलेलं, भट्टीत चालणारं भांडं तर नाहीच.
"शीशे शीशे में फ़र्क़ है, सिस्टर," म्हणतो,
आणि माझ्या झोपाळू मराठी डोक्यात
औषधाची शिशी, खालच्या कॅफेतला हुक्का
एकदम किणकिणतात.

तळाशी राहते वर्तमानपत्राची पुडी.
तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणाताईंनी काल दिली,
"कचऱ्यात टाकवत नाहीत गं."
वैशाखात त्यांच्या मिस्टरांना कार्गोने धाडलं.
कागदपत्रं अडकली,
त्या इथेच राहिल्या.

झरवली सुतळी सोडतो.
बारा. हिरव्या. एकीलाही तडा नाही.
साबण लावून काढल्या असणार,
बेसिनपाशी, एकटीने,
नळ मोठा सोडून.

"टूटी तो नहीं. फिर क्यों?"

"वाढवल्यात," मी म्हणून गेले,
मग त्याच्या भाषेत केलं, "बढ़ायी हैं."
त्याने बोटाने मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
"बारह ही तो हैं."

बांगडीची काच वेगळी वितळते, तो म्हणाला,
कंपनी घेत नाही.
पण स्वाबीला त्याची नऊ वर्षांची मुलगी आहे,
मनगट भरेपर्यंत थांबेल.
कुणाच्या आहेत हे सांगायला हवं होतं.
तोंड उघडलंही होतं मी.
त्याने पुडी पुढच्या सीटवर ठेवली, डब्याशेजारी,
वर टॉवेल घातला,
आणि गाडी अगदी हळू काढली,
स्पीडब्रेकरवर तर थांबूनच.

वर सुलक्षणाताई दारात उभ्या,
हात गाऊनच्या बाह्यांत ओढून घेतलेले.
"घेतल्या?"
"घेतल्या."
"काय करतात गं त्यांचं?"

"बांगड्याच," मी म्हटलं,
आणि बूट सोडायला खाली वाकले.