आज उधार

खालच्या किराण्यात पाटी आहे: आज रोख, उद्या उधार.
जूनपासून जाता-येता वाचते,
त्या उद्याची उधारी न्यायला
अजून कुणी आलेलं दिसलं नाही.
माझ्या खोलीत हीच पाटी उलटी लागलीय.

लातूर. दुसरा मजला, तीन पोरी, एक पंखा.
भिंतीवर वेळापत्रक,
चार रंगांच्या स्केचपेननं आखलेलं,
वरून रुंद चिकटपट्टी, एक सुरकुती नाही.
त्याला अडीच दिवस लागले.
अडीच दिवसांत रोटेशनचा अख्खा धडा झाला असता,
हे शिवकांतानं सांगितलं,
तेही मी समास आखत असताना.

आधी टेबल पुसते. मग पेनाचं टोपण शोधते.
मग बघते तर सव्वासात.
आठला बसू, ठोक्यावर सुरुवात बरी.
आठ वाजून चार मिनिटं झाली की
नऊ.
निलंग्याहून पप्पांचा फोन, मागं डेपोत इंजिनाची घरघर:
"कुठवर आलं?"
"होत आलंय."
होत आलंय हे आता माझं गावच झालंय,
पत्ता विचारला तर तोच सांगावा लागेल.

नळ आठव्या दिवशी येतो. कधी नवव्या.
वेळ त्याची, आपली नाही.
परवा रात्री दोन-चाळीसला हलीमाबीनं
पळीनं जिन्याचा कठडा बडवला:
"उठा की गं पोरींनो, पाणी येलालंय!"

कुणी म्हटलं नाही, पाच मिनिटांनी उठते.
कुणी म्हटलं नाही, आधी मूड लागू दे.
घागर, कळशी, निळं पिंप,
डब्याचं झाकणसुद्धा,
अंधारात अनवाणी, कुणाच्या पायावर कुणाचा पाय.
पाइप मधेच फाटलेला, धार भलतीकडं.
मी धावत वर गेले,
भिंतीवरून वेळापत्रक ओढलं,
गुंडाळून नळाला लावलं.
चिकटपट्टी कामाला आली.
सोमवारातून शिरलेलं पाणी
रविवारातून थेट पिंपात.
हलीमाबी म्हणाली, "डोकं आहे गं तुला."
जूनपासून पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

तीन-वीसला नळ खरखरला, हवा सोडली, गेला.
चाळीस मिनिटं फक्त.
आणि आठ दिवसांचं पाणी घरात.

झोप उडालेली, सलवार गुडघ्यापर्यंत ओली.
घड्याळात तीन सत्तावीस, ठोका कुठलाच जवळ नाही.
बसले.
टेबल पुसलं नाही. टोपण तर नव्हतंच.
पहिलं गणित सुटलं. दुसरं शिवकांताच्या वहीतून कळलं.
तिसऱ्याचं उत्तर उणे आलं,
चाक उलटं फिरत होतं बहुतेक.
चौथ्याच्या मध्यावर खालचं शटर वर गेलं,
उजाडलं होतं.

काल परत अर्धा तास नखं कापत बसले,
खोटं कशाला सांगू. तेही दिवेलागणीला.
भिंतीवर चिकटपट्टीच्या चार खुणा,
त्यांच्याकडं बघत.

मग फोन. मागं तीच घरघर.
"कुठवर आलं?"
तोंडात तयार होतं ते गिळलं.
"तिसरं चुकलं, पप्पा. चाक उलटं फिरलं."
पलीकडं पान्हा खाली ठेवल्याचा आवाज.
"उलटं का होईना," ते म्हणाले,
"गाडी जागची हलली की."