ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा

मला बोलावलं होतं पाण्याच्या मोटरसाठी.
सोहारहून सहमकडे, समुद्र डाव्या हाताला ठेवून,
मशिदीपाशी उजवीकडे, मग रस्ता संपेपर्यंत.
विहीर खारी झालेली. खजुरांचे शेंडे
विझवलेल्या विड्यांसारखे.
वायंडिंग बघायला उजेड हवा
म्हणून शेडचा पत्रा सरकवला,
आणि लसूणघासाच्या पेंढ्यांमागे
दिसली एक मागची काच, उतरती,
पाण्यातून निघालेल्या म्हशीच्या पाठीसारखी.

चटई ओढली. धूळ एवढी
की खोकला आधी आला, आश्चर्य मागून.
डॅटसन. दोन दारांची. लांब नाक.
टपावर शेळ्यांच्या खुरांची टिंबं,
शेजारच्या सीटच्या स्प्रिंगांत
कोंबडीनं मांडलेला संसार.
थुंकी लावून दार पुसलं:
खाली रंग होता, पिकल्या पपईचा.

सांगली डेपोत, एसट्यांखाली पडून शिकलेला हात माझा,
त्याला कुठल्या ठाऊक असल्या गाड्या.
तरी बॉनेट उचललं
आणि सहा सिलिंडर एका रांगेत बघून
मी चपला काढल्या. खरंच काढल्या.
जमीन तापलेली होती, लगेच घातल्या.

खल्फान म्हणाला, काकाची.
रस्ता नुकताच डांबरी झालेला तेव्हा
काका मस्कतला जायचा, चहा प्यायचा, परत यायचा.
पुढं साखरेनं डोळे नेले.
मग नुसता येऊन बसायचा,
चावी फिरवून ऐकायचा,
बॅटरी होती तोवर.
काका गेला, आम्ही विसरलो.
अठरा वर्षं कुणी हात लावला नाही.

मी गप्प.
सगळ्या गाडीवर बोटभर माती
आणि ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा
लख्ख.
काठाला साबणाचा वाळलेला थेंब.

कमरुल, शेतावरचा माणूस, नोआखालीचा.
संध्याकाळी लाजत बोलला:
दाढी इथंच करतो.
घरचा फोन आला की आत बसतो,
दार लावलं की शेळ्या कमी ऐकू येतात.
मुलीला सांगितलंय, गाडीतून बोलतोय.
खोटं नाही ना ते?
गियरला कधी हात लावला नाही, शपथ.
मालकाची गाडी.

दुबईहून गिऱ्हाईक आलं.
पांढरे हातमोजे, टॉर्च, दोरीला बांधलेलं लोहचुंबक.
आकडा ठरला.
तो मी कमरुलच्या पगारानं मनात भागून पाहिला,
उत्तर आलं एकवीस वर्षं, बाकी थोडी.
सगळं ओरिजिनल पाहिजे, गिऱ्हाईक म्हणालं,
एकेक स्क्रू. उद्या ट्रक घेऊन येतो.

कमरुलनं काही मागितलं नाही.
एवढंच विचारलं,
सकाळी नेणार की दुपारी?
सकाळी असेल तर
रात्रीच दाढी करून ठेवतो.

दहाचा पाना. दोन नट.
गंज धरलेला, डिझेल सोडून थांबावं लागलं.
थांबलो.

आरसा? गिऱ्हाइकानं दाराच्या भोकात बोट घातलं.
नव्हताच, मी म्हणालो. जपानहून मागवा, मिळतो.
बावीस वर्षांच्या धंद्यात
पार्ट चोरल्याचा आळ दोनदा आला होता,
चोरला पहिल्यांदाच.
खल्फान माझ्याकडं पाहत होता.
मग ट्रकच्या ड्रायव्हरला
दोरखंड नीट बांध म्हणून ओरडला.

खजुरांमधून पपई गेली.
कोंबडी दिवसभर शेडमध्ये फिरत राहिली.

पुढच्या महिन्यात मोटर पुन्हा बसली, गेलो.
विहिरीजवळच्या खजुराला,
तोंडाच्या उंचीवर, तारेनं बांधलेला आरसा.
त्यात माझ्या मागचा रस्ता दिसत होता.
सवयीनं बघितलं, कुणी ओव्हरटेक करतंय का.
एक शेळी होती.

कमरुल फोन आता कुठून घेतो,
ते विचारायचं राहिलं.