पंच्याहत्तर ओहमची टोपी

वडगावात केबल आली तेव्हा
ती फक्त खाली वाहायची.
छत्रीतून उतरायची, खांबाखांबानं मागाच्या खोलीत शिरायची,
आणि घरं नुसती बघत बसायची.
उलट बोलायची सोय नव्हती. कुणी मागितलीही नव्हती.
मी तेव्हा कंट्रोल रूममध्ये कॅसेट बदलायला,
महिना सहाशे.

आता त्याच वायरीतून नेट जातं.
येतं, आणि परत वर चढतं.
चढायची वाट अरुंद.
गल्लीतली नव्वद घरं एकदम बोलतात
आणि वर ऐकायला कान एकच.
त्यात एखाद्या घरात पीन सैल असली
तर त्या घराची खरखर
सगळ्या गल्लीच्या नावावर चढते.

मंगळवारी फोन सुरू झाले.
रुद्रव्वा म्हणाली, "नेट इल्ला."
तुक्काण्णा म्हणाला, "बिल घेऊलाल्यात बरोबर,
खरं नेट कुठं हाय की?"
मी दोघांना दोन भाषांत
एकच खोटं सांगितलं: दहा मिनिटांत येतो.

खरखर सकाळी साडेनऊला यायची, एकला जायची,
दोनला परत, ती सातपर्यंत.
म्हणजे जे काही होतं
ते दुपारी जेवायला उठत होतं.
तरी मला कळायला चार दिवस गेले.
पाट्या रंगवणारे येऊन गेले, अक्षरं बदलून गेले,
मी आपला शिडीवर,
एकेक डबा उघडून एकेक घर सोडवतोय,
आणि खाली सातेरी लॅपटॉप पोटाशी धरून:
हाय.
हाय.
अजून हाय.
गेलं! गेलं!

होसूरकरांचं घर.
आत माग थांबलेला, भरमाण्णा जेवत होता,
म्हणजे पुरावाही जेवत होता.
मी त्याला म्हटलं, जरा चालू कर.
बाहेरून सातेरी ओरडला.

मागामागच्या भिंतीवर माझाच स्प्लिटर,
कापसाच्या धुळीनं केसाळ झालेला.
भावांच्या चुली वेगळ्या झाल्या
त्याच दिवशी संध्याकाळी मीच ठोकला होता,
एक पाय थोरल्याला,
एक पाय नव्या भिंतीला भोक पाडून धाकट्याला.
धाकटा इचलकरंजीला गेला, त्याला नऊ वर्षं.
टीव्ही नेला, पीनसुद्धा नेली.
राहिलं बोटभर उघडं तांबं,
मोटारीपासून हातभर अंतरावर.
दिवसभर ते मोटार ऐकायचं
आणि ऐकलेलं सगळं वर सांगायचं.

"काढून टाकतो," मी म्हटलं.
चंपव्वा भाताचा हात तसाच घेऊन उठली.
"नको बा. त्याचं हाय ते.
आला तर टीव्ही कुठं लावील?"

आता टीव्ही कुणी भिंतीत लावत नाही,
इरण्णा तिकडं मोबाइलवरच बघत असणार,
हे मी बोललो नाही.
खिशातून टोपी काढली.
अंगुस्तानाएवढी, पितळी, आत एक रेझिस्टर,
पंच्याहत्तर ओहम.
मोकळ्या टोकावर आदळून सिग्नल उलटा फिरतो, म्हातारे,
आणि बाहेरचं नाही ते आत शिरतं.
ही घातली की येईल ते गप गिळते.
वायरीला वाटतं, पुढं घर आहे.
"कुणाचं?"
कुणाचंही. तिला तेवढंच लागतं.

तिनं थोडा विचार केला.
"मग बिल दोघांचं लावणार काय?"
नाही म्हटलं.
"आणि तो आला तर निघती न्हवं?"
हातानं निघती. पाना नको.

उजवीकडं तीन आटे.
भरमाण्णानं हात धुतले, माग सुरू केला.
मी दारातून सातेरीकडं बघितलं,
त्यानं मान हलवली.
खटखट सगळ्या घरात होती,
वर काहीच जात नव्हतं.

चंपव्वा पदरानं टोपी पुसत होती.
पुसू नको, सैल होईल, मी म्हटलं.
तिला मागाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.