अरण्य

फहाहीलच्या शाळेबाहेर गाडी लावून बसलेय,
घंटा व्हायला अकरा मिनिटं.
एसी दोनवर. मागे तान्हा रुबेन झोपलाय,
डिकीत मासळी, बर्फ वितळतोय.

पहाटे उठूनही पाहिलं.
दिवा लावला की रुबेन जागा,
मग डबे, मोजे, शेरॉनची वेणी,
आणि शास्त्र फ्रिजवर, तापाच्या औषधाशेजारी.

म्हणून आता स्टीअरिंगला टेकवून वाचते.
खुणेला पेट्रोलची पावती.
चार दिवस त्याच ओळीवर आहे:
लोक अरण्यात भटकत होते.

मिरजेच्या संडे स्कूलमध्ये
अरण्य म्हटलं की मला साग दिसायचे, जांभळं, मोर.
चाळीस वर्षं सावलीत, मग कुरकुरतात कशाला?
असं सालोमीबाईंना विचारलं होतं मी.
त्या हसल्या. त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं.

काचेबाहेर भिंत, भिंतीपलीकडे वाळू,
वाळूपलीकडे वाळूच.
एक पिशवी उडत चाललीय,
अडवायला झुडूपही नाही.

बाई, आत्ता कळलं.

घंटा होते. पावती पुन्हा तिथेच ठेवते.
शेरॉन धावत येते, गळ्यात रिकामी बाटली,
दार उघडायच्या आतच
पाणी मागते.