पऱ्हाटीचा धूर

जळगावच्या एमआयडीसीत मी भरिताची भुकटी चाखते.
पाकीट फाडा, उकळतं पाणी ओता, तीन मिनिटं थांबा.
धूर वेगळा येतो, बाटलीतून,
हजार किलोला एवढासा.

चव बरी असते. खोटं कशाला बोलू,
रात्रपाळीत मीही खाल्लंय दोनदा, उभ्यानं.
देठ नाही, गुठळी नाही,
पहिला घास नि शेवटचा, सख्खे जुळे.

रविवारी बामणोदच्या मळ्यात
मिठारामभाऊंनी पऱ्हाट्या पेटवल्या.
वांगी सुसकारली, फुटली.
सोलताना बोटं पोळली, कुणी फुंकर घातली नाही,
सगळे बडगीभोवती, मुसळीच्या ठोक्याला कान लावून:
आधी मिरची-लसूण,
मग ते हिरवट पांढरं, वाफाळतं,
कांद्याची पात अगदी शेवटी, भाऊंच्या मनात आली तेव्हा.

वहिनीनं कळण्याची पुरी पानात टाकली.
दुसऱ्याच घासाला दाताखाली करकरलं काही,
सालीचा कोळसा.

सोमवारी कागदावर रकाना होता: दोष.
मी लिहिलं, नाही.
आणि पेन तसंच धरून
कितीतरी वेळ जीभ
दाढेमागे फिरवत राहिले.