यादीत नाही

सात दिवस मझिया सांगत होती
कुठल्या राजानं कुठला किल्ला बांधला,
कोणी पाडला, मग पुन्हा कोणी.
सनावळ्या आमच्या एका कानातून शिरून
खिडकीबाहेरच्या द्राक्षमळ्यांत जात राहिल्या.

आज काहीच बघायचं नाही.
विमान साडेचारला.
बॅगांत द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा,
एकाच्या बॅगेतून वाईन गळतेय
आणि त्याला अजून पत्ता नाही.

मझियानं माइक घेतला,
माणसं मोजली, सत्तावीस,
आणि माइक मांडीवर ठेवून दिला.

नदी ओलांडून बस वळली
ती विमानतळाच्या रस्त्याला नाही.
नऊमजली करड्या इमारती,
दोऱ्यांवर चादरी,
बॉनेटमध्ये डोकं खुपसलेला एक उघडाबंब माणूस.
झुराबनं वेग कमी केला.
दोनदा हॉर्न.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत
एक म्हातारी हातातला फडका हलवत होती,
चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखी, घाईघाईनं.
आमच्यातल्या तिघाचौघांनी उगाचच हात हलवले.
मागून कुणीतरी झोपेतच विचारलं,
"हे कुठलं चर्च?"
"हे यादीत नाही," मझिया म्हणाली,
आणि खिडकीकडे तोंड करून बसली
विमानतळ येईपर्यंत.

फोनमध्ये नऊशे चौदा फोटो.
तिबिलिसी ढगांखाली गेल्यावर
एकेक करून सगळे पाहिले.
किल्ले नीट आलेत. आम्हीही.
एकात नुसती बसची काच,
काचेवर माझाच हललेला हात
आणि त्याच्या आरपार काहीतरी पांढरं.

चादरही असेल.